महिला शेतकऱ्यांवर अभ्यास करायचा आहे, पण खातेदारांच्या यादीत बायाच नाहीत. नमुना कसा निवडू?

वावरातली (प्रश्न)

नमस्कार. मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घाटंजी तालुक्यातली. लघुशोधप्रबंधाचा विषय आहे कापूस पिकवणाऱ्या बायांना शेतीतले निर्णय किती घेता येतात. मार्गदर्शक सरांनी सांगितलं, तलाठ्याकडून 8-अ ची खातेदार यादी घे, जमिनीच्या आकारानुसार गट पाड, चिठ्ठ्या टाकून नावं काढ आणि कुटुंबप्रमुखाला विचारून अनुसूची, म्हणजे छापील प्रश्नांचा तक्ता, भर.

यादी मिळाली. तिच्यात बायांची नावं थोडी, आणि त्यातल्या बऱ्याच मोठ्या घरच्या. घरातली जमीन दोन-तीन नावांवर वाटून ठेवायची म्हणून त्यांचं नाव लागलं. यंदा कोणतं बियाणं पेरलं हेसुद्धा त्यांना घरच्या माणसांना विचारावं लागेल. उलट आमच्या गल्लीतली एक काकू साडेतीन एकर एकटी करते. वखर, डवऱ्याला माणूस लावते, बाकी सगळं स्वतः. फवारणीचा पंपही पाठीवर घेते. नवरा गेला, सासरे त्याच्याही आधी गेले, पण सातबारा अजून सासऱ्यांच्याच नावावर. ती माझ्या यादीत नाही. म्हणजे जिच्यावर अभ्यास करायचा तीच बाहेर.

दुसरी अडचण. ओट्यावर बसून बाईला प्रश्न विचारला की उत्तर नवरा नाहीतर सासरा देतो. ती आतून चहा आणते. "तिले काय समजते, मले विचारा," हे वाक्य मी घरोघरी ऐकते आहे.

तिसरी गोष्ट लिहायला जड जाते, तरी लिहिते. मी कुणब्याच्या घरची. बौद्धपुऱ्यात गेले तर बाया आदरानं बोलतात, खुर्ची पुसून देतात, पण "सगळं बरं आहे" याच्यापलीकडे काही सांगत नाहीत. आमच्याच वावरात निंदायला येणाऱ्या बाया आहेत त्या. मी त्यांना मजुरीचा प्रश्न कसा विचारू?

जुनी सर्वेवाली

बेटा, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या अनुसूच्या भरण्यात गेली. वर्धा, यवतमाळ, वाशिम, कधी संस्थेसाठी, कधी सरकारी पाहणीसाठी. प्रश्न पुण्या-मुंबईहून छापून यायचे, आम्ही गावात रकाने भरायचो. म्हणून थोडं लांब लिहिते.

आधी यादी. खातेदार यादी मालकांची आहे, राबणाऱ्यांची नाही. ती फाडू नकोस, पण तिथून सुरुवात करू नकोस. रेशन दुकानातली यादी माग. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा, त्यात रेशन कार्डापुरती कुटुंबप्रमुख म्हणजे घरातली 18 वर्षांवरची सर्वांत वडील बाई. म्हणजे एकाच घराचा प्रमुख रेशनच्या कागदावर बाई आणि तलाठ्याच्या कागदावर बुवा. सरांना या दोन याद्या शेजारी ठेवून दाखव, पुढचं फार समजावावं लागणार नाही. मग संजय गांधी निराधारची यादी, रोजगार हमीच्या जॉबकार्डांची यादी, आणि आशाताईची घरभेटीची वही. शेवटची सगळ्यांत खरी, कारण ती दारात जाऊन लिहिलेली असते.

या सगळ्या घेऊनही काही बाया सुटतात, आणि त्याच तुला हव्यात. नवऱ्यानं टाकलेली बाई भावाच्या घरामागच्या पडवीत राहते. रेशन कार्डावर नाव अजून सासरी. मतदार यादीत कधी सासरी, कधी कुठेच नाही. भावाच्या घरी विचारलं तर "आमच्याकडंच असते" एवढंच सांगतात. म्हणून गावफेरी कर आणि घरं मोजू नकोस, चुली मोज. एका दारामागे कधी तीन चुली निघतात. तिसऱ्या चुलीवरची बाई दुसऱ्याचं दोन एकर मक्त्यानं, म्हणजे पैसे ठरवून, करत असते आणि कुठल्याच कागदावर नसते.

यवतमाळात काम करते आहेस तर आत्महत्याग्रस्त घरं येतीलच. तिथे एक सावधपणा ठेव. सरकारची मदत एक लाखाची, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेव म्हणून. ती मिळायला प्रकरण "पात्र" ठरावं लागतं आणि त्यासाठी जमीन, कर्ज, वसुलीचा तगादा हे सगळं कागदावर दाखवावं लागतं. सावकाराचं कर्ज कागदावर नसतं. मक्त्याची जमीनही नसते. तू तहसीलमधून पात्र प्रकरणांची यादी घेऊन निघालीस तर ज्यांच्याकडे कागद होते त्यांनाच भेटशील. महिला किसान अधिकार मंच म्हणजे मकाम, त्यांनी 2018 साली विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा 505 बायांना भेटून पाहणी केली होती. ती वाच. नवरा गेल्यावरही जमीन नावावर व्हायला किती अडतं, हे त्यात आकड्यांनी आहे. आणि बाईनं स्वतः फवारणीचं औषध घेऊन जीव दिला तर काय नोंदवतात, हेही तुझ्या गावात विचार. घरी राबणारी असेल तर "गृहिणी" लिहितात आणि शेतकऱ्यांच्या मोजणीतून ती गळते. जमीन तिच्या नावावर नव्हती ना.

आता प्रश्न. "तुम्ही काय काम करता?" असं कधीही विचारू नकोस. "काही नाही, घरीच असतो" हेच उत्तर येणार, आणि ते सांगताना तिच्या नखात माती असणार. सरकारी नमुना पाहणीत अशा बायांसाठी 92 आणि 93 असे कोडच आहेत. 92 म्हणजे फक्त घरकाम, 93 म्हणजे घरकाम करून शिवाय सरपण, चारा गोळा करणं, शिवण वगैरे. आणि दोन्ही कामगारांच्या बाहेर! मी हे कोड किती बायांपुढे लिहिले असतील. प्रत्येक वेळी वाटायचं, बाई समोर बसली आहे आणि माझा पेन तिला पुसतो आहे.

त्यापेक्षा म्हण, "काल पहाटे उठल्यापासून सांगा." चूल, पाणी, ढोरं, सैपाक, डबा, वावर, सरपणाची मोळी, पुन्हा चूल. तास आपोआप निघतात. 2019 च्या देशपातळीवरच्या वेळ-वापर पाहणीत हीच पद्धत होती. घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात त्या दिवशी हात घालणाऱ्या बायांचे सरासरी 299 मिनिटं, पुरुषांचे 97. तुझ्या गावाचा आकडा तू काढ.

निर्णयाचंही तसंच. "शेतीचे निर्णय कोण घेतं" याला "आम्ही दोघं मिळून" असं शोभेसं उत्तर मिळतं. एकेक व्यवहार धर. कृषी केंद्रातून सरकी कोणी आणली? उधारीच्या वहीत नाव कोणाचं? गाडी कोणत्या दिवशी भरायची हे कोणी ठरवलं? पैसे कोणाच्या खात्यात आले, आणि काढायला कोण गेलं? सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर हमीभावानं कापूस द्यायचा तर सातबारा लागतो, त्यावर कापसाचा पेरा लागतो. मक्त्यानं करणाऱ्या बाईकडे तो नसतो. मग ती गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला देते, तो म्हणेल त्या भावात आणि तो लावेल त्या काट्यावर. जमीन नावावर नसण्याची किंमत तिला दर क्विंटलला मोजावी लागते. भावातला फरक विचारून लिहून घे, तुझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्यात आहे.

ओट्यावरच्या माणसांचं काय करायचं? त्यांना टाळू नकोस, नाहीतर बाईलाच नंतर ऐकावं लागतं. पहिल्या दिवशी त्यांच्याशीच बोल. एकर, विहीर, कर्ज, त्यांना सांगायला आवडतं. दुसऱ्या खेपेला बाईसोबत वावरात जा. वेचणी चालू असेल तर ध्यानात ठेव, वेचणाऱ्या बाईला किलोवर मजुरी मिळते. तू तिला तासभर बांधावर बसवलंस तर तिचे किलो जातात. ओटी बांध आणि तिच्या शेजारच्या ओळीत वेचायला लाग. वेचलेला कापूस तिच्या गाठोड्यात टाक. कागद काढू नकोस, घरी येऊन त्याच रात्री लिही.

गटचर्चा कुठे घेणार? मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात घेतलीस तर कोण येणार नाही ते तुला माहीत आहे. बचत गटाच्या बैठकीत घेतलीस तर महिन्याची बचत भरायला जमत नाही म्हणून गटात नसलेल्या बाया येणार नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून तर मुळीच घेऊ नकोस, विधवा बाई तिथे पाऊल ठेवत नाही. कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, फार मोठं काम झालं. आपल्याकडे अजून किती ओट्यांवर ती बाई मागं सरकून बसते! अंगणवाडीची खोली दुपारी रिकामी असते, ती चालेल.

बौद्धपुऱ्याच्या प्रश्नावर मी बोलण्यापेक्षा ज्यांनी ते भोगलं आहे त्यांनी बोलावं. एकच सांगते. ज्या बाया तुमच्या वावरात रोजीनं येतात त्यांना मजुरीचे प्रश्न तू विचारू नकोसच. तुझ्या बाबांनी द्यायच्या पैशांबद्दल त्या तुझ्यासमोर कशा बोलतील? त्या भागासाठी दुसरं गाव घे, नाहीतर तिथल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला सोबत घेऊन मुलाखती तिला घेऊ दे. तिला त्याचे पैसे दे आणि प्रबंधात तिचं काम नोंदव.

भीमनगरातून

वरच्या ताईंचं शेवटचं बरोबर आहे. मी आर्णीकडची, आता नागपुरात नोकरीला. लहानपणी आमच्या दारात असे सर्वे करणारे बरेच यायचे. आजी पाणी विचारायची. काही जण "आत्ताच पिऊन आलो" म्हणायचे. आजी त्यानंतर काय उत्तरं द्यायची ते मला आठवतं. सगळ्याला "हो".

तर ताई, पाणी पी. आणि सुरुवातच आमच्या वस्तीतून कर. लोक सरपंचाच्या घरी उतरतात, पाटलाच्या पोराच्या गाडीवर गाव फिरतात आणि संध्याकाळी, उजेड जाता जाता आमच्याकडे येतात. कोणाच्या गाडीवरून उतरलात यावरून आमच्या बायांना कळतं की बोललेलं कुठे पोचणार.

आणखी एक. आमच्या बायांना फक्त अत्याचाराचं आणि गरिबीचं विचारलं जातं. माझ्या आजीनं वस्तीत रात्रीचा वर्ग चालवला, दारूचं दुकान हलवायला मोर्चा नेला, ते कोणी विचारलं नाही. 20 जुलै 1942 ला नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. खेड्यापाड्यातून बाया आल्या होत्या. त्या बायांच्या नाती आज तुझ्या गावात निंदायला जात असतील. तुझ्या अनुसूचीत त्यांनी काय केलं याला एखादा रकाना आहे का?

समाजशास्त्र शिकवणारा

सर्वेवाल्या ताईंचा अनुभव मोठा आहे आणि त्यांच्या सूचना मी माझ्या विद्यार्थ्यांना देणार आहे. पण एका ठिकाणी सावध करतो. हव्या तशा बाया स्वतः शोधून घेतल्या आणि शेवटी "60 टक्के महिलांना निर्णयाधिकार नाही" असं लिहिलं, तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील आणि तो योग्य असेल. हेतूनं निवडलेल्या नमुन्यावरून गावाची टक्केवारी काढता येत नाही.

मार्ग आहे. ताईंनी सांगितलेली चुलींची गावफेरी हीच तुमची यादी करा. मग त्या यादीचे गट पाडा: नवरा हयात, विधवा, टाकलेली, अविवाहित, आणि त्याला आडवा छेद वस्तीचा. ज्या गटात चुली कमी, उदाहरणार्थ टाकलेल्या बाया, तो पूर्ण घ्या. मोठ्या गटातून चिठ्ठ्या टाका. टक्केवारी काढताना प्रत्येक गटाला त्याच्या खऱ्या संख्येचा भार द्या. सरांची चिठ्ठी राहते आणि यादीही खरी होते. तलाठ्याच्या यादीतल्या किती चुली तुमच्या यादीत आहेत आणि किती नाहीत, याचा एक तक्ता द्या. माझ्या मते तो तुमच्या प्रबंधातला सर्वांत मोलाचा तक्ता ठरेल.

"अनुभवाच्या जागेवरून पाहणं" याला शास्त्रात स्थान नाही असं कोणी म्हणालं तर समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी 1998 पासून दलित स्त्रीवादी भूमिकेवर केलेली मांडणी पुढे ठेवा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना शोधून, त्यांच्या तोंडून ऐकून जो इतिहास 1989 साली छापला, तेही संशोधनच होतं आणि विद्यापीठाच्या चौकटीबाहेर झालं होतं.

पोडावरची

मी कोलाम आदिवासी आहे, झरी-जामणीकडची. बी.ए. झाले. तुमच्या घाटंजी तालुक्यातही आमचे पोड, म्हणजे कोलामांच्या वस्त्या, आहेत, म्हणून लिहिते.

पोड मुख्य गावापासून दूर असतो. गावफेरी म्हणजे गावठाण फिरणं असं धरलं तर आम्ही राहून जातो. तुमच्या गावाच्या शिवेत पोड आहे का, पारधी बेडा आहे का, तांडा आहे का, आधी पाहा.

आमच्या म्हाताऱ्या बाया आपसात कोलामी बोलतात. बाहेरून आलेले पोडातल्या एखाद्या पोराला दुभाषी करतात. बाई पाच मिनिटं बोलते, पोरगा सांगतो, "नाही म्हणते." बाईच दुभाषी पाहिजे.

तुमच्या अनुसूचीत "हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीची माहिती आहे का" असा प्रश्न असेलच, सगळ्यांच्या असतो. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्याच कायद्याच्या कलम 2 मध्ये लिहिलं आहे. आमच्या बाईनं "नाही" म्हटलं की तुम्ही "जाणीव नाही" असं लिहिता. जो कायदा तिचा नाहीच, त्याची जाणीव तिला कशाला? आम्हाला वनहक्काचं विचारा. 2006 च्या कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा असतो. पट्ट्यावर तिचं नाव आहे का, तिनं तो हातात घेऊन पाहिला आहे का, आणि त्यावर तिला बँक कर्ज देते का, हे विचारा.

आणि पोडाचं नाव छापू नका. आमच्या तालुक्यात कुमारी मातांच्या बातम्यांसाठी कॅमेरे येऊन गेले. तोंडावर पट्टी लावली, पण मागं घर दिसत होतं. तीसेक घरांच्या पोडात "विधवा, वय 34, दोन मुली" एवढं लिहिलं तरी ती कोण ते शाळेतलं पोरगंही सांगेल.

वावरातली

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांशी बोलले. दोन्ही याद्या शेजारी ठेवून दाखवल्या, ते बराच वेळ बघत बसले आणि चुलींच्या यादीला हो म्हणाले. गाव बदलते आहे, आमचं वावर नाही असं गाव घेते. बौद्धपुऱ्यातल्या मुलाखती तिथलीच बी.ए.ला असलेली एक मुलगी घेणार आहे, आम्ही दोघी मिळून प्रश्न पुन्हा लिहितो आहोत. "तुम्ही गावात काय काय घडवलं" हा भाग तिनं पहिलाच घातला.

सरांना "कुटुंबप्रमुख" हा रकाना मात्र हवाच आहे, विद्यापीठाच्या नमुन्यात तो आहे म्हणून. काय करू? आणि पोडावरच्या ताई, त्या गावाच्या शिवेत एक पोड आहे. मला कोलामी येत नाही.

जुनी सर्वेवाली

रकाना ठेव, त्याचे तीन कर. रेशन कार्डावर कोण, सातबाऱ्यावर कोण, आणि उद्या कोणी कोणत्या कामाला जायचं हे रात्री घरात कोण सांगतं. तिन्हीकडे एकच नाव आलेली घरं वेगळी काढ, वेगवेगळी आलेली वेगळी. विद्यापीठाच्या नमुन्यात पहिलं भर, बाकीची दोन विश्लेषणात वापर.

आणि एक राहिलं. वारसनोंदीची माहिती जवळ ठेव, कारण विचारणाऱ्या बाया भेटतील आणि तू नुसती लिहून घेऊन निघून येऊ नकोस. मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. अर्जाची पोच घ्यायला सांग, ती नसली की अर्ज हरवतो. सासऱ्यांच्या आधी नवरा गेला असला तरी त्या विधवा सुनेचा वारसा कायद्यानं आहे, दीर काहीही म्हणोत. आदिवासी बाईला मात्र हे असंच्या असं सांगू नकोस, वर सांगितलंच आहे.

पोडावरची

त्या भागात माझी आतेबहीण दिली आहे. पोड कोणता ते इथे लिहू नका, मला वेगळा निरोप पाठवा, मी तिच्याशी बोलते. ती मराठी-कोलामी दोन्ही बोलते. तिचा दिवसाचा रोज बुडेल तेवढा द्यावा लागेल. बाजाराच्या दिवशी येऊ नका, बाया पोडात नसतात. आणि सकाळी आठच्या आत या, नंतर सगळ्या कामाला जातात.